पेनिसिलीन गटाची औषधे घेताना काय वाचावे आणि काय सांगावे

सांगली-मिरजेच्या औषध दुकानात “पेनिसिलीन द्या” असे म्हणत आलेले गिऱ्हाईक आता क्वचितच भेटते. मात्र “पाचशेची मॉक्स द्या”, “ती सहाशे पंचवीसवाली द्या” किंवा “बाळाला मागच्या वेळची पावडरीची बाटली द्या” असे म्हणणारे दिवसभर येत असतात, आणि या मागण्या बहुतेक वेळा पेनिसिलीनच्याच असतात. जुन्या पिढीला पेनिसिलीन म्हटले की इंजेक्शनच आठवते, कारण पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या काळात हे औषध मुख्यतः कुपीतून सुईवाटेच दिले जात असे. आज तेच कूळ कॅप्सूल, गोळी, पातळ औषध, सलाईनमधून द्यायचे इंजेक्शन अशा अनेक रूपांत आणि त्याहून अधिक व्यापारी नावांनी घरात येते. आपण घेत असलेले औषध पेनिसिलीन आहे हे घेणाऱ्याला ठाऊकच नसणे, हा या औषधाच्या वापरातील सर्वांत मोठा धोका आहे, असे मला औषध विक्रेता म्हणून वाटत आले आहे. म्हणून सुरुवात नाव वाचण्यापासून करतो.

पाकिटावरचे बारीक अक्षर

पाकिटावर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने ठेवलेले नाव. त्याच्या आसपास लहान अक्षरांत मूळ औषधाचे नाव छापलेले असते आणि आपण वाचायचे ते हे दुसरे नाव. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लॉक्सासिलीन, डायक्लॉक्सासिलीन, रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे पिपरॅसिलीन, अशी ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘सिलीन’ येते ती सर्व औषधे या गटातील होत. मॉक्स आणि नोव्हामॉक्स ही अमॉक्सिसिलीनची व्यापारी नावे आहेत. ऑगमेंटिन, क्लॅव्हम, मॉक्सिकाइंड-सीव्ही यांत अमॉक्सिसिलीनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. काही जिवाणू पेनिसिलीन निकामी करणारे विकर (एन्झाइम) तयार करतात, त्या विकराला हे आम्ल रोखून धरते. पेनिड्यूर हे शरीरात दीर्घकाळ टिकणारे बेंझाथीन पेनिसिलीन आहे. याउलट, नावातील साम्यावर विसंबूनही चालत नाही: डोळ्यांच्या थेंबांत पुष्कळदा असणारे मॉक्सिफ्लॉक्सासिन ‘मॉक्स’ने सुरू होत असले तरी त्याचा पेनिसिलीनशी काही संबंध नाही, आणि ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांचाही नाही. ‘सेफ’ने सुरू होणारी सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम यांसारखी औषधे मात्र पेनिसिलीनची नातलग आहेत.

याच पाकिटावर एक उभी तांबडी रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ असून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये तिच्याविषयी जनजागृतीची मोहीमही हाती घेतली होती. तरीही “चिठ्ठी नाही, पण दोनच गोळ्या द्या” ही मागणी थांबलेली नाही, आणि ती पुरवणारी दुकाने आहेत हे आमच्या व्यवसायातील माणसाने नाकारण्यात अर्थ नाही. पेनिसिलीनचा शोध १९२८ मध्ये लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात नेमका हाच इशारा दिला होता: हे औषध दुकानातून कोणालाही विकत मिळू लागले, तर माणसे अपुरी मात्रा घेतील आणि न मेलेले जिवाणू औषधाला सरावतील.

औषध कोठे उपयोगी पडते

पेनिसिलीन जिवाणूला त्याच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही, त्यामुळे वाढू पाहणारा जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते, म्हणून औषध आपल्याला सहसा इजा करत नाही. विषाणूलाही ती नसते, म्हणून विषाणूच्या आजारात या औषधाला काही कामच उरत नाही. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकनगुनिया आणि बहुतेक खोकले या दुसऱ्या वर्गात मोडतात. “मागे मॉक्स घेतली आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला” हा अनुभव खोटा नसतो, परंतु तो ताप बहुधा तिसऱ्या दिवशी आपणहूनच उतरणार होता. बेडका हिरवा किंवा पिवळा झाला म्हणजे प्रतिजैविक लागतेच, हाही समज बरोबर नाही.

स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे सुजलेला घसा, न्यूमोनियाचे काही प्रकार, मध्यकर्णाचा जंतुसंसर्ग, जखमेभोवती त्वचेखालून पसरत जाणारी लाल सूज, सिफिलिस, अशा आजारांत हे औषध चांगले काम करते. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-वारणेच्या पुराने जिल्ह्याला जेव्हा वेढले, तेव्हा ज्याची धास्ती घेतली गेली त्या लेप्टोस्पायरोसिसच्या गंभीर रुग्णालाही रुग्णालयात पेनिसिलीन शिरेतून दिले जाते. दातदुखीविषयी स्वतंत्र सांगावे लागेल. दाताच्या मुळाशी पू होऊन चेहरा सुजला किंवा ताप आला, तर दंतवैद्य या गटातील औषध लिहून देतात. पण निव्वळ ठणक्यावर ते वेदनाशामक नाही, आणि कीड साफ केल्याशिवाय दात बरा होत नाही. या औषधाबरोबर दंतवैद्याने मेट्रोनिडाझोल लिहून दिले असेल, तर तो उपचार चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस मद्य पूर्णपणे टाळावे.

‘मला पेनिसिलीन चालत नाही’ असे म्हणण्यापूर्वी

जगभरातील अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसून आलेली गोष्ट अशी की, सुमारे १० टक्के लोकांच्या कागदपत्रांवर पेनिसिलीनच्या ॲलर्जीची नोंद असते, पण त्यांची रीतसर तपासणी केली असता दहांपैकी नऊ जणांना हे औषध सुखरूप चालते. याची कारणे अनेक आहेत. लहानपणी तापात अंगावर उठलेले पुरळ पुष्कळदा ताप आणणाऱ्या विषाणूचेच असते, पण दोष औषधावर जातो. गोळी घेतल्यावर मळमळले किंवा जुलाब झाले, तर तो औषधाचा दुष्परिणाम असतो, ॲलर्जी नव्हे. काही खरी ॲलर्जीही कालांतराने ओसरते; ज्यांना पूर्वी तत्काळ प्रतिक्रिया आली होती, त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांमध्ये दहा वर्षांनंतर ती उरलेली नसते. शिवाय ‘आईला पेनिसिलीन चालत नव्हते, म्हणून मुलांनाही नको’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे कारण वैद्यकीयदृष्ट्या कारणच नव्हे.

चुकीच्या शिक्क्यामुळे बिघडते ते असे, की डॉक्टरांना साध्या, स्वस्त आणि नेमक्या औषधाऐवजी अधिक व्यापक, अधिक महाग आणि कधी कधी कमी गुणकारी औषध निवडावे लागते. तरीही शिक्का चुकीचा असावा असा अंदाज बांधून घरच्या घरी एखादी कॅप्सूल घेऊन पाहणे हा जिवाशी खेळ आहे. ॲलर्जी आहे की नाही हे ठरवण्याचे काम, तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयातच करावयाचे असते.

रुग्णाने करावयाचे काम वेगळे आहे आणि ते त्याच्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही: जे घडले ते नेमके लिहून ठेवणे. ‘पेनिसिलीन रिॲक्शन’ एवढे दोन शब्द डॉक्टरांना फारसे काही सांगत नाहीत. त्याऐवजी ‘जून २०१८, अमॉक्सिसिलीन ५०० ची पहिली कॅप्सूल, अर्ध्या तासात अंगभर गांधी आणि ओठांना सूज, दवाखान्यात इंजेक्शन देऊन रात्रभर ठेवले, त्यानंतर या गटातील औषध घेतलेले नाही’ अशी नोंद असेल, तर तिच्यावर निर्णय घेता येतो. औषधाचे मूळ नाव, वर्ष, कितव्या मात्रेनंतर आणि किती वेळाने त्रास झाला, त्रास नेमका काय झाला, त्यावर कोणता उपचार करावा लागला, एवढे त्यात यावे. एक प्रश्न आवर्जून विचारावा लागतो: त्या घटनेनंतर मॉक्स किंवा सहाशे पंचवीसची गोळी कधी त्रास न होता घेतली आहे का? “ती तर घेतो की नेहमी, पण पेनिसिलीन मात्र चालत नाही मला” हे उत्तर काउंटरवर नवे नाही, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने त्या उत्तराइतकी मोलाची माहिती क्वचितच मिळते.

ही नोंद आधारकार्डाच्या पाकिटात किंवा मोबाइलच्या मागच्या कव्हरात ठेवावी आणि औषधाचे नाव तीत रोमन लिपीतही लिहून घ्यावे. मिरजेला उपचारांसाठी जत तालुक्याच्या पूर्व भागातून आणि सीमेपलीकडच्या अथणी भागातून कन्नड बोलणारी कुटुंबे येतात. घाईच्या वेळी तोंडी सांगण्यात जे हरवते ते कागदावर टिकते. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या मजुरांना तर फडाबरोबर गाव बदलते आणि गावाबरोबर डॉक्टरही बदलतो. कोयत्याची जखम चिघळून प्रतिजैविक घेण्याची पाळी त्यांच्यावर वारंवार येते, त्यामुळे टोळीतील प्रत्येकाजवळ असा कागद असणे अधिकच गरजेचे आहे. मुकादम आणि गावच्या आशाताईंनी मनावर घेतले, तर ते एका संध्याकाळचे काम आहे.

खरी, तत्काळ येणारी ॲलर्जी ओळखता आली पाहिजे. औषध घेतल्यापासून काही मिनिटांत ते साधारण तासाभरात अंगावर खाजऱ्या गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज येणे, आवाज घोगरा होणे, छातीत घरघर आणि धाप लागणे, पोटात मुरडून उलट्या होणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळणे, ही तिची लक्षणे होत. जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया दहा हजार उपचारांमागे अंदाजे एक ते पाच जणांमध्येच दिसते, पण ती इतक्या वेगाने वाढते की विचार करायला वेळ उरत नाही. अशा वेळी रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. धाप लागली असेल तर टेकून बसवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, आणि त्याला उभे करून चालवत नेऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करावा, आणि रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर गाडीत झोपवून जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे, कारण या क्षणी उपयोगी पडते ते मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रिनॅलिन. सेट्रिझिनची गोळी देऊन ‘बघू या उतरते का’ असे म्हणत घरी थांबणे टाळलेच पाहिजे. पहिला झटका ओसरल्यावरही काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, म्हणून डॉक्टर देखरेखीखाली राहायला सांगतील तितका वेळ राहावे.

उशिरा येणारी प्रतिक्रिया निराळी असते. उपचाराच्या काही दिवसांनी सपाट, लालसर पुरळ उठते. ते बहुधा सौम्य असते, तरी औषध पुढे चालू ठेवायचे की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पुरळाबरोबर तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडीवर फोड, साल निघणे किंवा चढता ताप असेल, तर औषध थांबवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. असे ज्याला एकदा झाले आहे त्याने तो गट आयुष्यभर टाळावयाचा असतो, आणि त्याच्या बाबतीत चाचणी करून पाहण्याचाही प्रश्न येत नाही. ‘सेफ’ने सुरू होणारी नातलग औषधे पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य लोकांना चालतात, तथापि तो निर्णय जुनी नोंद वाचून डॉक्टरांनीच घ्यावा.

इंजेक्शनपूर्वी मनगटाजवळ टोचून पाहतात त्या चाचणीविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. ती निर्धोक आली म्हणजे पूर्ण हमी मिळाली असे नाही, आणि क्वचित त्या थेंबभर औषधानेही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून चाचणी असो वा नसो, इंजेक्शन घेतल्यावर किमान अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर बसून राहावे. शेवटची एसटी सुटेल म्हणून लगेच निघणाऱ्यांनी इंजेक्शनची वेळच अलीकडची घ्यावी.

मात्रा, वेळ आणि जेवण

तोंडावाटे घेतलेले अमॉक्सिसिलीन शरीरात फार काळ टिकत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे तासाभरात निम्मे होते. जिवाणू मरतात ते औषधाची पातळी पुरेसा वेळ टिकून राहिली तर, म्हणून ‘दिवसातून तीनदा’ याचा अर्थ साधारण आठ-आठ तासांनी असा घ्यावा. सकाळ, दुपार आणि संध्याकाळचा चहा अशी तिन्ही वेळा दिवसात दाटीवाटीने उरकून रात्रभर मोकळे राहू नये. पहाटे सहाला धार काढून होते, दुपारी दोनला जेवणाची सुटी असते आणि रात्री दहाला झोपण्याची वेळ, ही विभागणी शेतकरी घरात सहज बसते. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याने गोळी बरोबर न्यावी.

अमॉक्सिसिलीन जेवणाआधी किंवा नंतर कसेही चालते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेली गोळी मात्र जेवणाला सुरुवात करतानाच घ्यावी, म्हणजे ती नीट शोषली जाते आणि पोट कमी बिघडते. अँपिसिलीन, क्लॉक्सासिलीन आणि तोंडाने घ्यावयाचे पेनिसिलीन व्ही ही रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावयाची असतात.

सहाशे पंचवीसच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलीन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. तीनशे पंचाहत्तरच्या गोळीत २५० आणि १२५ असते. त्यामुळे मोठी गोळी संपली म्हणून लहान दोन घेणे हा हिशेब चुकतो: अमॉक्सिसिलीन तेवढेच मिळते, पण क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट होते आणि जुलाबाचा त्रास वाढतो. दुकानदाराने अशी अदलाबदल सुचवली, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

एखादी वेळ चुकली, तर आठवेल तेव्हा गोळी घ्यावी. पुढच्या मात्रेची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

पावडरीची बाटली

लहान मुलांच्या औषधात चुका सर्वाधिक होतात, आणि त्या जवळजवळ सर्व मोजमापाच्या असतात. पाणी उकळून पूर्ण थंड केलेले वापरावे. बाटली आधी हातावर आपटून पावडर सुटी करावी, खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी ओतून जोरात हलवावे, मग फेस बसू देऊन नेमक्या खुणेपर्यंत पाणी घालावे आणि पुन्हा हलवावे. सर्व पाणी एकदम ओतले तर तळाशी गठ्ठा राहतो. मग पहिल्या दिवसांत मुलाला पातळ औषध मिळते आणि शेवटी दाट. प्रत्येक वेळी देण्यापूर्वी बाटली हलवावी लागते ती याच कारणाने.

मोजण्यासाठी बाटलीबरोबर आलेले माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. स्वयंपाकघरातील चमचे एकसारखे नसतात. त्याहून मोठी गफलत बाटलीच्या तीव्रतेत होते: क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह येणारे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये २२८.५ मिलिग्रॅम आणि ४५७ मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळते, साध्या अमॉक्सिसिलीनचेही १२५ आणि २५० असे प्रकार आहेत, आणि मागच्या खेपेला ‘एक माप’ दिले होते म्हणून या खेपेलाही तेवढेच दिले, तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते. मुलाची मात्रा वजनावर ठरत असल्याने, दवाखान्यात जाताना अलीकडचे वजन सांगता आले तर चांगले.

कालवलेली बाटली, विशेषतः क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची, फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. आणि लेबलवर लिहिलेले दिवस, बहुधा सात, संपले की उरलेले टाकून द्यावे. कालवल्याची तारीख पेनने लेबलवर घालून ठेवावी. घरी फ्रिज नसेल तर ते दुकानात आधीच सांगावे, म्हणजे डॉक्टरांना विचारून पाण्यात विरघळणारी गोळी देता येते. आटपाडी-जतच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या बाटलीचा भरवसा नसतो.

एकवीस दिवसांचे इंजेक्शन

घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाकडे दुर्लक्ष झाले, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. एकदा तो येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा येण्याचा धोका फार असतो आणि प्रत्येक वेळी झडप अधिक बिघडते, म्हणून त्याला दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन दिले जाते. हृदयाला इजा झालेली नसेल तर ते किमान पाच वर्षे किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर, आणि झडपेचा दोष कायम राहिला असेल तर दहा वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, काही वेळा त्याहीपुढे चालू ठेवावे लागते. मूल खेळते आहे, शाळेत जाते आहे, काही त्रास नाही, मग सुई कशाला, असे घरच्यांना वाटू लागते आणि तेथेच खंड पडतो; वास्तविक त्रास नाही याचे कारण बहुधा ती सुईच असते.

हे इंजेक्शन दुधासारखे पांढरे आणि दाट असते, जाड सुईने कुल्ल्याच्या किंवा मांडीच्या स्नायूत खोलवर द्यावे लागते आणि दुखते. ते चुकून शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते, म्हणून ते सराव असलेल्या डॉक्टर किंवा परिचारिकेकडूनच घ्यावे. जाताना थोडे खाऊन आणि पुरेसे पाणी पिऊन जावे, इंजेक्शन झोपून घ्यावे आणि नंतरही थोडा वेळ पडून राहावे. वेदना आणि भीतीमुळे रक्तदाब उतरून येणारी चक्कर यामुळे टळते. ज्यांची झडप खूप अरुंद झाली आहे किंवा ज्यांना पायऱ्या चढताना धाप लागते, त्यांच्यासाठी इंजेक्शनऐवजी रोजच्या गोळ्या अधिक सुरक्षित ठरू शकतात, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवावे. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षभराच्या एकदम खुणावून ठेवाव्यात, आणि यात्रा, लग्न किंवा परीक्षा आडवी येणार असेल तर इंजेक्शन दोन दिवस आधी घ्यावे, नंतर नको.

डॉक्टरांना आधीच सांगण्याच्या गोष्टी

कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिनची गोळी घेत असतात. पेनिसिलीन गटाच्या औषधाने तिचा परिणाम बदलू शकतो, म्हणून या काळात रक्ताची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी, लवकर करून घ्यावी. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते शरीरात साठून राहण्याची भीती असते. युरिक आम्लासाठी ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांना अमॉक्सिसिलीनने पुरळ उठण्याची शक्यता वाढते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी करावी लागते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या गोळीने पूर्वी कावीळ झाली असेल, तर ती गोळी पुन्हा घेऊ नये; ही कावीळ वयस्कर पुरुषांत अधिक आढळते आणि गोळ्या संपल्यानंतर काही आठवड्यांनीही उद्भवू शकते. गरोदर आणि स्तनदा मातांना हा गट सामान्यतः सुरक्षित मानला जातो, मात्र डॉक्टरांना स्थितीची कल्पना असावी.

थोडे पातळ जुलाब पुष्कळांना होतात आणि ताक, पेज, मीठ-साखरेचे पाणी यांवर निभावते. जुलाब पाण्यासारखे वारंवार होऊ लागले, रक्त पडले किंवा उपचार संपल्यावरही सुरू झाले, तर जुलाब बंद करणारी गोळी स्वतःहून न घेता डॉक्टरांकडे जावे.

किती दिवस घ्यावे आणि उरले तर काय करावे

दिवस आजारावर ठरतात. स्ट्रेप्टोकॉकसच्या घशासाठी पेनिसिलीन रूढीने दहा दिवस दिले जाते, तर न्यूमोनियाच्या काही रुग्णांना पाच दिवस पुरतात. जितके जास्त दिवस तितके चांगले, हा विचार आता वैद्यकशास्त्रातही मागे पडत आहे. म्हणून डॉक्टरांना ‘किती दिवस’ असे स्पष्ट विचारून घ्यावे आणि तेवढे दिवस घ्यावे. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबवू नये आणि बरे वाटले नाही म्हणून आपल्या मनाने वाढवूही नये. दोन-तीन दिवसांत काहीच उतार पडला नाही तर दुसऱ्या दुकानातून दुसरी गोळी आणण्यापेक्षा त्याच डॉक्टरांकडे परत जावे.

उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात पुढच्या तापासाठी जपून ठेवू नयेत, शेजारी-पाजारी देऊ नयेत, आणि मोरीत किंवा ओढ्यातही टाकू नयेत. पाकिटातून काढून त्या मातीत किंवा वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळाव्यात आणि पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात द्यावी. उकिरड्यावर टाकल्यास कोंबड्या आणि शेळ्या तेथे तोंड घालतात.

गोठ्यातले पेनिसिलीन

ज्या घरात म्हैस किंवा संकरित गाय आहे, तेथे पेनिसिलीन दुसऱ्या दारानेही येते. कासदाहावर, म्हणजे गोठ्याच्या भाषेत दगडीवर, सडातून सोडायच्या ट्यूबांत आणि जनावरांच्या इंजेक्शनांत या गटातील औषधे असतात. उपचार चालू असताना आणि शेवटच्या मात्रेनंतर लेबलवर दिलेला कालावधी संपेपर्यंत त्या जनावराचे दूध संकलन केंद्रावर घालू नये आणि घरातही वापरू नये. औषध एकाच सडात सोडले असले तरी चारही सडांचे दूध बाजूला काढावे. अशा दुधात औषधाचा अंश राहतो आणि तो विरजणाचे जिवाणूही मारतो, त्यामुळे दही लागत नाही आणि तपासणीत दूध नाकारले जाते. पशुवैद्याने ट्यूब सोडली त्याच वेळी ‘किती वेळा दूध टाकायचे’ हे विचारून गोठ्याच्या खांबावर खडूने लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या वेळेला धार काढायला बसणाऱ्यालाही ते कळते. जनावरांची कुपी माणसासाठी कधीही वापरू नये. घरातील ज्या व्यक्तीला पेनिसिलीनची तीव्र ॲलर्जी आहे, तिने ट्यूब सोडण्याचे किंवा कुपी भरण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि ते दूधही पिऊ नये.